वॉर्मअपमध्ये झटके देऊन वाकणं, जोडीदाराने पाठ दाबणं, मान गोल फिरवणं... याने मणक्याला त्रास होतो का? (पोलीस भरतीची तयारी)

साताऱ्याची_ताई:

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ वीस वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय, गावाजवळच्या एका अकॅडमीत जातो. पहाटे साडेचारला उठतो आणि पाचला ग्राउंडवर. तिथे आधी वॉर्मअप, मग १६०० मीटर रनिंग, १०० मीटरचे स्प्रिंट आणि दिवसाआड गोळाफेक असं चालतं. दिवाळीनंतर लावलंय आणि आता काही आठवडे झाले त्याची कंबर दुखतेय, खाली डाव्या बाजूला, सकाळी बूट घालायला वाकला की कळ येते आणि गाडीवरून घरी आला की उतरल्यावर सरळ व्हायला वेळ लागतो. पायात मुंग्या वगैरे नाहीत असं म्हणतो.

परवा मी त्याला सोडायला गेले होते तेव्हा तो वॉर्मअप पूर्ण बघितला म्हणून विचारतेय. पोरं आली की न धावता थेट सुरू. आधी मान गोल फिरवायची, पूर्ण मागे टाकून, जोरात. मग पाय फाकवून उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला, शिट्टीच्या स्पीडवर. मग गुडघे ताठ ठेवून बोटं जमिनीला लावायची, लागत नसतील तर झटके देत देत लावायची. मग खाली पाय पसरून बसायचं आणि मागून जोडीदाराने पाठीवर हात ठेवून दाबायचं, एका पोराच्या पाठीवर तर दुसरा जवळजवळ आडवाच पडला होता. मग कंबरेवर हात ठेवून मागे वाकायचं, आणि शेवटी मानेमागे हात अडकवून सिट-अप्स आणि आडवं पडून दोन्ही पाय सरळ उचलून धरून ठेवायचे.

सर माणूस म्हणून खूप चांगले आहेत, गरीब पोरांकडून फी पण घेत नाहीत आणि त्यांच्याकडची बरीच मुलं आज वर्दीत आहेत, त्यामुळे ही तक्रार नाही. पण त्यांना विचारलं तर म्हणाले अंग मोकळं होताना दुखणारच, महिनाभराने बसेल.

यातलं नक्की काय चुकीचं आहे, की काहीच नाही आणि दुखण्याचं कारण वेगळंच आहे? आणि बंद करायचं तर त्याऐवजी काय करायचं, कारण थंड अंगाने तो धावणार कसा. आणखी एक, आईने पण आता कॉलनीतल्या बायकांबरोबर सकाळी व्यायाम लावलाय, तिथे हलासन आणि पश्चिमोत्तानासन करून घेतात, आईचं वय अठ्ठावन्न आहे. तिला चालेल का ते पण कुणी सांगा.

कोल्हापूरचा_फिजिओ:

ताई, तुम्ही जे बघितलं ते इतकं नीट लिहिलंय की उत्तर द्यायला सोपं गेलं. भरतीची पोरं माझ्याकडे कायम असतात आणि खोदून विचारलं की बऱ्याचदा असं निघतं की दुखणं धावण्यातून आलेलं नाही, धावायच्या आधी जे करतात त्यातून आलंय. भावाला तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण या प्रकारांत आत काय होतं ते सांगतो.

सगळ्यात आधी वेळ. आपण रात्री आडवे असतो तेव्हा मणक्यांमधल्या गाद्यांवर भार अगदी कमी असतो आणि त्या पाणी ओढून घेतात, फुगतात. म्हणून सकाळी उठल्यावर आपली उंची एक ते दोन सेंटीमीटर जास्त भरते. दिवसभरात जेवढी उंची कमी होणार असते त्यातली जवळपास निम्मी उठल्यावर पहिल्या तासाभरातच कमी होते. म्हणजे तो पहिला तास गादी टम्म भरलेली असते आणि तेवढंच वाकलं तरी गादीवर आणि मागच्या लिगामेंटवर (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांवर) येणारा ताण दुपारच्या मानाने कितीतरी जास्त असतो. १९९८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, जुनी कंबरदुखी असलेल्यांना फक्त एवढंच सांगितलं की उठल्यावर पहिले दोन तास कंबरेतून वाकू नका, तर त्यांचं दुखणं कमी झालं. आणि आपल्याकडे काय, साडेचारला उठायचं आणि पाचच्या सुमारास ताठ गुडघ्याने झटके. म्हणजे गादीसाठी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आणि सगळ्यात वाईट प्रकार दोन्ही एकत्र.

आता झटका. स्नायूच्या आत ताण ओळखणारे तंतू असतात, त्यांना अचानक खेच बसली की ते स्नायूला उलट आकसायला लावतात. म्हणजे मांडीमागचा स्नायू सैल व्हावा म्हणून झटका देतोय आणि तो त्याच क्षणी घट्ट होतोय. तो घट्ट राहिला की खुबा पुढे फिरत नाही आणि बोटं तर जमिनीला लावायचीच आहेत, मग उरलेलं सगळं वाकणं कंबरेच्या मणक्यांतून काढलं जातं. त्यात भर म्हणजे माणूस पूर्ण वाकला की पाठीचे लांब स्नायू काम करणंच थांबवतात, तारा लावून स्नायूतली विजेची हालचाल मोजली तर तिथे जवळपास शांतता दिसते, आणि वरच्या धडाचं सगळं वजन लिगामेंटवर आणि गादीच्या मागच्या भिंतीवर लटकतं. जर्मनीत उल्म विद्यापीठातल्या लोकांनी १९९९ मध्ये एका जिवंत माणसाच्या गादीत सेन्सर बसवून दाब मोजला होता. आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल, सरळ उभं असताना ०.५, आणि नुसतं पुढे वाकल्यावर १.१, हातात काहीही नसताना. हा दाब सावकाश आला तर गादी तो सहन करते, तिचं कामच ते आहे. प्रश्न येतो तो टोकाला जाऊन पुन्हा पुन्हा, वेगाने, आणि थकल्यावर सुद्धा करण्याने.

विरुद्ध हात विरुद्ध पायाला लावण्यात तर वाकणं आणि पिळणं एकाच वेळी आहे. कंबरेचे मणके पिळण्यासाठी बनलेलेच नाहीत, मागचे सांधे असे उभे अडकवलेले असतात की एकेका जोडीत फार तर एक-दोन अंश फिरणं शक्य होतं, पाची मिळून पाच ते दहा. आपण जे वळतो ते बरंचसं छातीच्या मणक्यांतून आणि खुब्यातून. वाकलेल्या अवस्थेत शिट्टीच्या स्पीडने पिळलं की गादीच्या बाहेरच्या कड्यांवर तिरकी ओढ बसते आणि चिरा बहुतेक तिथूनच सुरू होतात.

पण मला विचाराल तर तुमच्या यादीत सगळ्यात आधी बंद व्हायला पाहिजे ते जोडीदाराने पाठ दाबणं. बाकी सगळ्यात निदान ज्याची पाठ आहे त्याला कळतं कुठे थांबायचं. इथे लगाम दुसऱ्याच्या हातात आहे आणि त्या दुसऱ्याचं पण वय वीसच आहे, त्याला काही जाणवत नाही. एकाच दाबण्यात पायात कळ गेलेली पोरं मी पाहिलीत.

सिट-अप्स बद्दल कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी पुष्कळ मोजमाप केलंय. एका सिट-अपला कंबरेवर साधारण ३३०० न्यूटन दाब येतो, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या वर, आणि गुडघे वाकवून केलं तरी फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत वजन उचलणाऱ्या कामगारांसाठी कंबरेवरच्या दाबाची सावधगिरीची मर्यादा ३४०० न्यूटन धरलेली आहे, म्हणजे प्रत्येक सिट-अप त्या रेषेला टेकून. अमेरिकन लष्कराची फिटनेस टेस्ट १९८० पासून सिट-अप्सवर चालायची, आता तिथे प्लँक (कोपर आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरून ठेवणं) आहे. दोन्ही पाय सरळ उचलून धरण्यात पोटापेक्षा जास्त काम सोअस नावाच्या स्नायूचं होतं, तो थेट कंबरेच्या मणक्यांना आणि गाद्यांना चिकटलेला असतो, पोट थकलं की तो कंबर पुढे खेचून धनुष्य करतो. पाय उचलल्यावर कंबर जमिनीवरून सुटली तर लगेच खाली ठेवायचे.

मान पूर्ण मागे टाकून जोरात गोल फिरवू नये. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, सावकाश, एवढं पुरे.

मैदान_आणि_माती:

फिजिओ साहेबांनी आतलं सांगितलं, मी मैदानावरचं सांगतो. शाळेत क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त, पण सकाळी पोरं अजून येतात.

मूळ गोंधळ असा आहे की वॉर्मअप म्हणजे ताणणं असं आपल्याकडे डोक्यात बसलंय. वॉर्मअप म्हणजे अंग गरम करणं. घाम यायला लागला पाहिजे, श्वास वाढला पाहिजे, स्नायूत रक्त गेलं पाहिजे. थंड स्नायू ताणून तो गरम होत नाही. आणि एखादा स्नायू मिनिटभराच्या वर ताणून धरला तर लगेच नंतर त्याची ताकद आणि झटकन जोर लावायची क्षमता थोडी घटते, म्हणजे १०० मीटर आणि गोळा दोन्हीत नुकसान तुमचंच, आणि भरतीत मार्क सेकंदावर आणि मीटरवर मिळतात. फिफाने फुटबॉलसाठी जो ११+ नावाचा वॉर्मअप बनवलाय तो वीस मिनिटांचा आहे आणि त्यात ताणून धरून ठेवण्याचा प्रकार नाहीच, धावणं, ताकद, तोल, उड्या असंच आहे सगळं.

मी पोरांना काय देतो ते सांगतो ताई, भावाला दाखवा. आधी नुसतं चालत चालत हळू जॉगिंग, हिवाळ्यात दहा मिनिटं, उन्हाळ्यात सहा-सात पुरे. बोलता येईल अशा स्पीडने. मग चालता चालता गुडघा छातीकडे, चालता चालता लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) पण धड सरळ ठेवून, भिंतीला किंवा झाडाला धरून पाय पुढे-मागे झुलवायचा आणि मग आडवा झुलवायचा, खुबा त्यानेच मोकळा होतो. मग हाय नी (गुडघे उंच उचलत धावणं), बट किक (टाचा मागे नितंबाकडे मारत धावणं), साइड शफल (आडवं सरकत जाणं), आणि शेवटी ७०-८० मीटरचे तीन-चार धाव, प्रत्येक मागच्यापेक्षा थोडा जोरात. बास. एवढ्यात अंग तापतं आणि कंबर एकदाही टोकापर्यंत वाकलेली नसते.

ताणायचं ते शेवटी, रनिंग झाल्यावर. मांडीमागचा ताणायचा असेल तर पाठीवर आडवं पडायचं, एक पाय जमिनीवर, दुसऱ्याच्या तळव्याखालून टॉवेल घालून पाय वर ओढायचा, वीस-तीस सेकंद. पाठ जमिनीला टेकलेली असल्यामुळे कंबरेवर काही येत नाही आणि स्नायू मात्र व्यवस्थित ताणला जातो. उभं राहून ताठ गुडघ्याने जे मिळत नाही ते यात मिळतं. टॉवेल घरोघरी असतो, खर्च शून्य.

सरांशी बोलताना वॉर्मअप चुकीचा आहे असं सुरू करू नका. पोरांचा १०० मीटरचा टाइम कमी येईल असं सांगा, कोणताही कोच ते ऐकतो.

तालमीतला:

मला हे सगळं जरा अति वाटतंय, स्पष्ट बोलतो. आमच्या तालमीत पोरं शेकड्याने जोर मारतात, मानेवर ब्रिज करतात, समोरचा उचलून टाकतो, अंगावर पडतो, आणि वस्ताद सत्तरीत ताठ चालतात. आज हे वाकू नका उद्या ते उचलू नका असं ऐकून ऐकून पोरं इतकी घाबरतात की खाली पडलेली पिशवी उचलताना पण कंबर धरतात. पाठ काय काचेची आहे का. हाडाला आणि स्नायूला भार दिला तरच ते घट्ट होतात. शिवाय जी पोरं पाठ दुखून घरी बसली ती तालमीत दिसत नाहीत हे मला मान्य आहे, पण बाकीचे शेकडो जण ठणठणीत आहेत त्यांचं काय?

कोल्हापूरचा_फिजिओ:

तालमीतला, तुमचं मोठं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि मी ते मुद्दाम लिहितो, कारण माझ्या पहिल्या उत्तरावरून कुणी वाकणंच बंद करेल अशी मला खरी भीती आहे. वाकणं वाईट नाही. पाठ भाराने घट्ट होते, घाबरून जपल्याने कमजोर होते, आणि कंबरदुखीत दोन दिवसांच्या वर अंथरुणात पडून राहिलं तर बरं व्हायला उलट वेळ लागतो.

पण तालमीत आणि या ग्राउंडवर फरक बघा. तुमच्याकडे नवा पोरगा आला तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी ब्रिज लावत नाहीत. आधी माती उकरायला लावतात, थोडे जोर, थोड्या बैठका, महिन्यांनी मान बांधायला घेतात. लहानपणापासून वर्षानुवर्षं चढत गेलेला भार आहे तो. भरतीचा पोरगा बारावीपर्यंत बाकावर आणि मोबाइलवर बसलेला असतो, मग जाहिरात येते आणि तो एका आठवड्यात शून्यावरून शंभरावर जातो. हाडाला, गादीच्या कड्यांना, लिगामेंटला बदलायला महिने लागतात, स्नायूसारखं आठवड्यात नाही होत. आणि जोर मारताना स्नायू चालू असतात, माणूस स्वतः हालचाल धरून असतो. मी ज्याला विरोध करतोय ते म्हणजे स्नायू बंद झालेल्या टोकावर जाऊन दिलेला झटका, तो सुद्धा पहाटे, थंड अंगाने.

योगवर्ग_पुणे:

मी योग शिकवते, आईंच्या प्रश्नासाठी लिहितेय, तो बाजूला पडलाय असं वाटलं आणि माझ्या मते तो भावाच्या प्रश्नापेक्षा जास्त गंभीर आहे.

ताई, आईंची पाळी जाऊन काही वर्षं झाली असतील. त्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि मणक्याच्या हाडाचा पुढचा भाग सगळ्यात आधी कमजोर होतो. अशा हाडाने पुढे गोल वाकलं की सगळा दाब त्याच पुढच्या कडेवर येतो आणि मणका पाचरीसारखा दबतो, पडायला लागत नाही, धक्का लागायला लागत नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ साली हाडं विरळ झालेल्या बायकांवर केलेला अभ्यास आम्हाला प्रशिक्षणात सांगितला होता आणि मी तो कधी विसरत नाही. ज्यांना पुढे वाकायचे व्यायाम दिले त्यांच्यातल्या ८९ टक्के जणींना पुढे मणक्यात नवीन फ्रॅक्चर दिसले आणि ज्यांना पाठ मागे ताणायचे व्यायाम दिले त्यांच्यात १६ टक्के. संख्या लहान होती, एकूण साठपेक्षा कमी बायका होत्या, पण फरक केवढा आहे बघा. काहीच व्यायाम न करणाऱ्यांमध्येही ६७ टक्के होते, म्हणजे पुढे वाकणाऱ्यांची स्थिती घरी बसलेल्यांपेक्षाही वाईट निघाली.

म्हणून आईंनी आधी हाडांची डेक्सा तपासणी (हाडं किती विरळ झालीत ते मोजणारी) करून घ्यावी. तोपर्यंत हलासन नको, पश्चिमोत्तानासन नको, बसून पायाची बोटं धरणं नको. हलासनात तर मान पूर्ण पुढे दुमडलेली असते आणि धडाचं वजन तिच्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी नव्याने सुरू करायचं आसन नाही ते. सर्वांगासनाला सुद्धा अय्यंगार पद्धतीत खांद्याखाली घड्या घातलेल्या ब्लँकेट ठेवतात, खांदे वर आणि डोकं खाली जमिनीवर, म्हणजे मान कमी दुमडते. ते कॉलनीच्या गच्चीवर सतरंजीवर कोण करून घेणार? त्याऐवजी ताडासन, भिंतीला पाठ लावून उभं राहणं, पालथं पडून तळहातांवर जोर न देता छाती जराशी उचलणं (हळू भुजंगासन, कोपरांवरच), सेतुबंध, आणि रोजचं चालणं. व्यायाम बंद करू नका हं त्यांचा, बायका एवढं ऐकलं की सगळंच सोडून देतात आणि मग हाडं आणखी जातात.

आणि जाता जाता सूर्यनमस्काराबद्दल. रथसप्तमीला आमच्याकडे १०८ घालायची टूम असते, एरवी वर्षभर एकही न घालणारे लोक येतात. एका नमस्कारात दोनदा पुढे वाकणं आहे, म्हणजे १०८ मध्ये दोनशे सोळा वेळा, ते पण पहाटे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला तो रोज घालण्यासाठी, वर्षातून एकदा आकडा गाठण्यासाठी नाही. मी वर्गात सांगते की उठून तासभर झाल्यावर या, पहिले पाच-सहा नमस्कार गुडघे वाकवून घाला, हात जमिनीला लागले नाहीत तर नडगीवर ठेवा आणि दुसऱ्याच्या दंडात हात घालून कुणालाही खाली दाबू नका. पूर्वी काही शिक्षक पादहस्तासनात विद्यार्थ्याला मागून दाबायचे, ते मला तेव्हाही पटत नव्हतं.

बॉलरचा_बाबा:

मागे वाकण्याबद्दल कुणी जास्त लिहिलं नाही म्हणून सांगतो. माझा मुलगा सोळा वर्षांचा, फास्ट बॉलर. कंबरेला एका बाजूला दुखायला लागलं, आम्ही स्नायू धरलाय म्हणून मलम लावत बसलो, क्लबमध्ये पाठ मोकळी करायला मागे वाकायचे व्यायाम आणखी वाढवले गेले, आणि शेवटी एमआरआयमध्ये मणक्याच्या मागच्या कमानीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. एका पायावर उभं राहून मागे वाकलं की नेमकं तिथेच दुखायचं. कित्येक महिने बॉलिंग बंद. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये कंबरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं आणि २०२३ मध्ये पाठीची सर्जरी करायला लागली हे सगळ्यांना माहीत आहे, पण तेच आपल्या गल्लीतल्या पोराला होऊ शकतं हे डोक्यात येत नाही.

ताई, तुमचा भाऊ गोळा उजव्या हाताने फेकतो का? दुखतंय डावीकडे म्हणून विचारलं. फास्ट बॉलरमध्ये बॉलिंग हाताच्या विरुद्ध बाजूला हे जास्त होतं असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं.

साताऱ्याची_ताई:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबा, हो, तो उजव्या हाताने फेकतो. तुमची पोस्ट वाचून काल संध्याकाळी त्याला एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं, दुखलं नाही. पुढे वाकल्यावर आणि जास्त वेळ बसल्यावरच दुखतं. तरी तपासून घेतोच आहोत. एक जण म्हणाले थेट एमआरआय करून टाका, आठ हजार जातील पण कळेल तरी. करू का?

मैदान_आणि_माती काका, तुम्ही सांगितलं तसंच सरांशी बोलले, १०० मीटरच्या टाइमवरून. ते म्हणाले आठवडाभर दहा पोरांवर करून बघतो, आणि जोडीने दाबणं त्यांनी त्याच दिवशी बंद केलं, शिट्टी वाजवून सगळ्यांना सांगितलं की आजपासून कुणी कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा नाही. मला फार बरं वाटलं.

आईला अजून पटलेलं नाही. तिच्या ग्रुपमधल्या बाई म्हणतात हलासनाने थायरॉईड बरा होतो.

कोल्हापूरचा_फिजिओ:

एमआरआय आत्ता नको. कंबरेत काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तर विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांत गादी फुगलेली दिसते आणि ऐंशीतल्या ८० टक्क्यांच्या वर. रिपोर्टमध्ये बल्ज लिहून आलं की पोरगा घाबरतो, घरचे भरती सोडायला लावतात, आणि दुखणं कदाचित त्या बल्जचं नसतंच. आधी हाताने तपासणी, पाय उचलून नसेची टेस्ट, पायाची ताकद, रिफ्लेक्स. त्यात काही निघालं, किंवा दीड महिना नीट करूनही फरक नाही पडला, तर एमआरआय.

मात्र पुढचं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही: लघवी होत नाही किंवा कळत नाही, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागेची म्हणजे सायकलच्या सीटला टेकते तिथली संवेदना गेली, पाऊल उचलताना लोळतंय, दोन्ही पायांत कळ उतरतेय. ताप आणि पाठदुखी एकत्र असेल किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तरी थांबू नका.

भावाने सध्या काय करावं. पुढे वाकून दुखतंय, तर सकाळचा पहिला तास-दीड तास वाकणं टाळायचं, बूट खुर्चीवर बसून पाय वर घेऊन घालायचे. सिट-अप्सऐवजी मॅकगिल यांचे तीन: एक गुडघा वाकवून, कंबरेखाली दोन्ही हात ठेवून फक्त डोकं-खांदे किंचित उचलायचे, एका कुशीवर वळून कोपरावर प्लँक, आणि हात-गुडघे टेकून ओणवं राहून विरुद्ध हात-पाय लांब करायचे. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंदच धरायचं, मिनिटभर थरथरत राहायचं नाही. हळू जॉगिंग दुखत नसेल तर चालू ठेवायला हरकत नाही, चालणं तर हवंच. गाडीवर खड्ड्यांतून रोज जाणं होत असेल तर तेवढे दिवस तुम्हीच हळू गाडी चालवून सोडा.

थायरॉईडसाठी हलासन लागत नाही, गोळी लागत असेल तर गोळी घ्यायची. आईंना योगवर्ग ताईंची पोस्ट वाचून दाखवा, माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतील.

तालमीतला:

दीड महिना म्हणजे त्याची गोळाफेक राहणार. भरतीची तारीख लागली तर काय करणार तो पोरगा?

मैदान_आणि_माती:

गोळा पूर्ण बंद ठेवायला लागणार नाही. ७.२६० किलोचा गोळा सध्या बाजूला, तीन-चार किलोचा घ्यायचा किंवा मेडिसिन बॉल असेल तर उत्तम, आणि जागेवरून फेकायचा, मागून सरकत येऊन नाही. पोरं जोर कंबर पिळून काढतात, खरा जोर मागच्या पायातून, खुबा पुढे फिरवून आला पाहिजे आणि कंबर-छाती एकत्र वळली पाहिजे. हेच शिकायला हा वेळ वापरावा, हलक्या गोळ्यावर शिकलेलं तंत्र जड गोळ्यावर मीटर देतं. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: गोळा जमिनीवरून उचलताना गुडघ्यात बसून उचलायचा. फेकताना जपणारी पोरं पन्नास वेळा ताठ पायाने वाकून तो उचलतात. भावाला गोळा उचलून द्यायला एक लहान पोरगा बरोबर ठेवा, आमच्याकडे असे दोघं कायम असतात.

साताऱ्याची_ताई:

उद्या फिजिओकडे नंबर लावलाय, इथेच साताऱ्यात. गोळ्याचं आणि टॉवेलचं आजच त्याला सांगते. सर विचारत होते की हा नवीन वॉर्मअप कुणी लिहून देईल का, म्हणजे ग्राउंडवरच्या फळ्यावर लावतील. काका, तुमची पोस्ट छापून दिली तर चालेल ना?

मैदान_आणि_माती:

चालेल, नाव नका टाकू. जॉगिंगची मिनिटं मात्र ठळक लिहा आणि त्याखाली जोडीने दाबणं बंद असं पण लिहा, कारण सर नसतील त्या दिवशी पोरं परत तेच करतात.